उशाचा अडकित्ता

रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. साल चोपन्न, अंबरनाथची जत्रा, शिवरात्रीचा दुसरा दिवस. म्हणजे अमावास्या. त्र्यंबकमामा गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात.

"माझ्या ओळखीची एक बाई होती रे पोरांनो," असं ते म्हणतात. ठाण्यात कोपरीच्या आमच्या ओट्यावर दिवा बारीक करून पोरं त्यांना चिकटून बसलेली असतात. मी आत बाळाला थोपटत ऐकते. ती बाई मीच. मामा नाव घेत नाहीत, एवढे त्यांचे उपकार. पण त्यातली एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही, म्हणून हे लिहिते.

मामा म्हणजे आमच्या ह्यांचे मामा. लढाई संपल्यावर लष्कराची जुनी लॉरी त्यांनी लिलावात घेतली होती. आत दोन बाकं, स्टो, खिडक्यांना छिटाचे पडदे. "धर्मशाळेतले ढेकूण कशाला पोसायचे? घरच चाकावर नेऊ!" मामा, हे, मी आणि सहा महिन्यांचं बाळ, असे निघालो.

दिवसा देऊळ पाहिलं. रहाटपाळण्यात बसले, बांगड्या भरल्या. संध्याकाळी वालधुनी नदीच्या काठी, गर्दीपासून लांब, चिंचेखाली लॉरी लावली. शेतापलीकडे तंबूत सिनेमा लागला होता.

"मी थांबते बाळाजवळ," मी म्हटलं.

"वर्षभर उंबरठा तरी ओलांडलास का?" हे म्हणाले. "आता प्यालाय, झोपेल मेला ढाराढूर."

"तान्ह्याला रात्री गर्दीत नेऊ नये," मामा म्हणाले. "निजू दे. कुलूप घालू, किल्ली तुझ्या कमरेला. मग भीती कसली?"

तान्हं मूल एकटं ठेवायचं तर आमच्यात उशाला लोखंड ठेवतात, बाहेरचं काही शिवू नये म्हणून. मी मामांचा अडकित्ता ठेवला. मग त्यांची पानाची चंची भरायला घेतली. पानं, चुना, सुपारी... रोजचा सवयीचा हात. दिवा मालवला, कुलूप घातलं, निघालो.

सिनेमा रंगात आला तेव्हा मामा कुजबुजले, "शुभदे, सुपारी."

चंचीत हात घातला. गार लोखंड लागलं.

इथे मामा पोरांना सांगतात, "बाई तशीच उठून धावत सुटली!"

नाही मामा. मी सुपारी कातरून दिली तुम्हाला. पडद्यावर राणीला वनात सोडत होते. मनाशी म्हटलं, एवढं बघते आणि जाते. मग म्हटलं, आणखी एवढं. मी बाळाला विसरले नव्हते. आठवत असूनही बसले. दहा मिनिटं.

मग उठले. ह्यांना म्हटलं, "बाळाला बघून येते."

शेत ओलांडलं. तंबूतला आवाज मागे राहिला. पुढे नुसता काळोख. लॉरी दिसली... आणि पाय थबकले.

आत कुणीतरी चालत होतं.

फळी वाजत होती. चार पावलं इकडे. चार पावलं तिकडे. रडकं पोर खांद्यावर टाकून आपण येरझाऱ्या घालतो ना... तशी. हळूहळू. आणि थोपटणं.

"कोण... कोण आहे?"

पावलं थांबली.

थोपटणं चालूच.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली भोकात जाईना. दार उघडलं...

कुणी नाही.

बाळ निजलं होतं. गाल चाटून पाहिला. खारट. म्हणजे रडलं होतं. खूप रडलं होतं. छातीशी धरलं तर तोंड फिरवलं. पोट टम्म भरलेलं. ओठाच्या कडेला दूध, ओलं...

मी किंचाळले असेन. हे आणि मामा धावत आले. मामांनी बॅटरीनं बाकांखाली पाहिलं, लॉरीखाली पाहिलं.

"मामा, आत कुणीतरी..."

"बोलू नकोस. पदराखाली घे त्याला."

लॉरी सुरू केली. थेट कल्याणला येऊन थांबवली.

स्टेशनाबाहेरच्या दिव्याखाली बाळाचा लंगोट बदलायला घेतला. तो आमचा नव्हता. हिरव्या लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. वेखंडाचा वास येत होता. आणि आमचा लंगोट? पिळून, नीट झटकून, खिडकीच्या दोरीवर वाळत घातलेला.

मामांची गोष्ट इथे संपते. पोरं एकमेकांना ढकलत घरी पळतात.

तो तुकडा माझ्या ट्रंकेत आहे. टाकवत नाही, वापरवत नाही. कुणाचं अंबरनाथकडे येणंजाणं असेल तर वालधुनीकाठच्या गावात एवढं विचारा, तान्हं मागे ठेवून कोण बाई देवाघरी गेली? तिच्या घरचं कुणी भेटलं तर म्हणावं, ठाण्याचं बाळ आता धावतं. आणि हेही सांगा, की त्याच्या आईला यायला उशीर झाला नव्हता. तिनं केला.

एवढा निरोप पोचवा.