हौसाबाईची साक्ष

"आधी आमचं गाव बुडवलंत, आता आमची म्हातारी नासवलीत," म्हणत दीपालीनं वाणीपेटी टेबलावर ठेवली.

स्मृतिविभागाचा अधिकारी तिच्याहून लहान होता. "ताई, बसून बोलू. आवाज बरोबर आला नाही का?"

"आवाज तिचाच आहे. तोंड तुमचं आहे."

दीपालीची आजी हौसाबाई सत्त्याण्णव वर्षं जगली. धरणासाठी गाव उठवलं तेव्हा तान्ही शेवंता पोटाशी बांधून ती यंत्रापुढं आडवी झाली होती. फरपटत नेली तिला. माळावरच्या नव्या गावठाणात तिनं खडी फोडून पाच पोरं वाढवली, निम्म्या गावाची बाळंतपणं केली आणि कबूल केलेल्या जमिनीसाठी प्रत्येक मोर्चात पुढं राहिली. जमीन मिळाली नाही. बुडालेलं गाव पाहिलेली माणसं गेली, ती तेवढी उरली. म्हणून नवा कायदा आल्यावर तिनं स्वतःहून डोक्याला स्मृतिपट्टा बांधून घेतला. पट्टा आठवणी उतरवून घेतो; माणूस गेल्यावर वाणीपेटी त्याच्याच आवाजात उत्तरं देते, आणि ती साक्ष न्यायालयात चालते.

"मेले तरी बोलनार हाय त्यांच्यापुढं," म्हातारी म्हणायची.

काल, तेराव्याला, पेटी घरी आली.

"तुमीच ऐका," दीपालीसोबत आलेली शेवंता अधिकाऱ्याला म्हणाली. सत्तरीची लेक पेटीकडं वाकली. "आये, तहान लागली असंल. कुठलं पानी देऊ?"

"नळाचं दे, बाळा. धरणाचं पाणी गोड असतं. आम्ही आनंदानं गाव दिलं."

शेवंता कोरडं हसली. "बाळा? जल्मात मला 'भवाने'शिवाय हाक मारली न्हाई. आन धरनाचं पानी? दारात नळ असून मरेस्तवर आडाचं प्याली. सुनंनं एकदा गुपचूप नळाचं भरलं, तर हंडा उकिरड्यावर नेऊन ओतला. तिला वासावरनं कळायचं."

"याला भावशुद्धी म्हणतात," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "तीव्र राग हा स्मृतीतला दोष धरतात. घरच्यांना त्रास नको म्हणून यंत्र तो काढतं आणि मोकळी जागा सौम्य मजकुरानं भरतं."

"आम्ही तक्रार केली होती त्रासाची?"

त्यानं पेटी फिरवून तिच्यावरचा क्रमांक पाहिला.

"मूळ आठवणी कुठायत?" दीपालीनं विचारलं.

"शुद्धीनंतर पुसल्या जातात."

शेवंतानं पदर तोंडाला लावला. आई दुसऱ्यांदा गेली होती.

"सोमवारी दोनशे घरांच्या जमिनीची सुनावणी आहे," दीपाली म्हणाली. "साक्षीदार ही एकटी. आणि ही भर न्यायालयात सांगणार, आनंदानं दिलं. मग काय मिळणार आम्हाला?"

"ताई, मी फक्त नियमानं..."

"नियम आभाळातनं पडला का? घरदार पाण्याखाली गेलेल्या बाईचा राग हा दोष, असं कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं असेल. कुणी?"

अधिकाऱ्यानं नजर पडद्याकडं वळवली. शेवंतानं खुर्ची ओढली आणि ती दार अडवून बसली.

"नाव सांग त्याचं," ती म्हणाली. "आमी बसलोय."