पाळी सोडण्याची परवानगी

पत्रं हलवायचं ठरलं ते वाळवीच्या कृपेने. लकडगंजात लाकडाच्या दोन वखारींच्या मधे मँगनीज कंपनीचं जुनं ऑफिस होतं आणि त्याच्या मागे एक लांबोळकी, अंधारी खोली. पत्र कोणत्याही खात्याचं असो, आलेलं असो की गेलेल्याची नक्कल, शेवटी ते याच खोलीत येऊन पडायचं. वीस वर्षांची पत्रं अशी एकमेकांच्या उरावर बसली होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांनी एक फाईल मागितली आणि दोन पुठ्ठ्यांच्या मधून नुसती माती निघाली. तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. धरमपेठेत नवी जागा घेतली, पोलादी कपाटं आली, आणि पाऊस लागायच्या आत सगळं तिकडे पोचवायचं काम रेकॉर्ड कारकून गोविंदा पराते याच्या गळ्यात पडलं.

गोविंदा गोळीबार चौकात राहणारा, कोष्ट्याचं पोर. बापाचा माग थंडावला तसा थोरला देवाजी खाणीत गेला आणि धाकटा मॅट्रिक होऊन कंपनीला चिकटला. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या धामणटोल्याच्या खाणीत पाणी शिरलं. हजेरी घेणारा मुन्शी गुलाबचंद आणि सात मजूर आतच राहिले. देवाजी त्या सातांतला. एकाचंही प्रेत निघालं नाही, आणि कंपनीने खाणीचं तोंड सिमेंटने बंद करून टाकलं.

"मढं पाह्यल्याबिगर मी माह्या पोराची तेरवी करत नाही," आई बायजाबाई म्हणाली ती म्हणालीच. तेव्हापासून त्या घरात ना सण झाला ना सुतक फिटलं. आईच्या पुढ्यात ठेवता येईल असं भावाचं काही तरी गोविंदाला हवं होतं. हाड तर हाड. दुसरं काही तो देवापाशीही मागत नसे.

मे महिन्याची दुपार. बाहेर झळा अशा की कुत्रीसुद्धा भिंतीची सावली सोडत नव्हती. कवडू बैलबंडीवाला कापडात बांधलेले बस्ते उचलून बंडीत रचत होता. भिंतीजवळचा एक बस्ता उचलता उचलता तो थबकला.

"भाऊ, हा ओला हाय."

"मे महिन्यात? घाम असंल तुह्या हाताचा."

"घामाले असा वास येते काय?"

गोविंदाने हात लावला. कापड गार होतं. विहीर उपसताना गाळाचा येतो तसा वास त्याला चिकटला होता. वर चिठ्ठी: धामणटोला. त्याने कवडूला चहाला पिटाळलं आणि गाठ सोडली.

बंद खाणीची फाईल. शेवटचं पत्र सदुसष्ट सालचं असायला हवं. वरच्या पत्रावर गेल्या सोमवारची तारीख होती. शिसपेन्सिलीचं, मुन्शी गुलाबचंदचं वळणदार अक्षर. 'हजेरी आठ, मी धरून. पाणी छातीशी आहे. पाळी संपली आहे. वर येण्याची परवानगी मिळावी.' खाली नावं. पाचवं नाव: देवाजी पराते, हजर.

त्याच्याखाली टाइप केलेल्या उत्तराची कार्बन नक्कल: 'पत्र मिळाले. विचार चालू आहे. तूर्त थांबावे.' सही बाबनरावांची. बाबनराव म्हणजे हेडक्लार्क, या खोलीचे वीस वर्षांचे धनी. गोविंदाने भराभर पानं उलटली. दर सोमवारचं एक पत्र, एक उत्तर. अशी तीनशेच्या घरात. मजकुरात काना-मात्रेचा फरक नाही.

कुठे तरी पाणी मुरत होतं. खाण चोरून चालू आहे काय? माणसं डांबून ठेवली आहेत काय? म्हणजे... दादा जिवंत आहे? हा विचार आला आणि गोविंदाने फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. आशा फार वाईट. ती माणसाला शहाण्यासारखं वागू देत नाही.

चार दिवस त्याने बाबनरावांवर पाळत ठेवली. म्हातारा डबा कुठे खातो, कोणाशी बोलतो, पिशवीत काय नेतो... पिशवीत दोडकी निघाली. सोमवारी मात्र जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले आणि बाबनराव एकटे मागे राहिले. टाइपरायटर दोन मिनिटं वाजला. गोविंदा दारातून आत शिरला.

"बाबनरावजी, हे काय होय?"

टेबलावर पेन्सिलीचं नवं पत्र होतं. त्याच्या कडेने पाणी ओघळत होतं. बाबनरावांनी उठून दार लावलं.

"तू काहून पाह्यली गा ती फाईल?"

"माह्या भावाची हजेरी लागून राह्यली, अन् तुमी मलेच पुसता?"

म्हातारा आवाज खाली घेऊन म्हणाला, "त्या दिवशी सकाळी गुलाबचंदचा मानूस चिठ्ठी घेऊन आलता. पानी झिरपून राह्यलं, मानसं वर घेऊ काय म्हनून. साहेब दौऱ्यावर. हेडऑफिसच्या परवानगीबिगर पाळी सोडली तर कामावरून कमी, असा कायदा... मी म्हटलं, साहेब आले की दाखवू. ठेवून देल्ली."

"अन् मंग?"

"चार महिन्यानं पयलं पत्र आलं. डाकेत नाही. टेबलावर. तवापासून दर सोमवारी... उत्तर टायपून फाईलीवर ठेवलं का आपोआप जाते."

"मंग येऊ द्या ना त्याइले वर!"

"कोन येईन?" बाबनरावांनी ते ओलं पत्र पालथं घातलं. "सहा वर्सं झाले गा. जे वर येईन ते देवाजीच असंल, हे कोन सांगंल मले? उत्तर जाते म्हनून ते थांबून हायेत. ही फाईल हलवू नको. इथंच राहू दे, मी पाह्यतो."

गोविंदाला यातला एक शब्द खरा वाटला नाही. सहा वर्षं मुकाट बसलेला माणूस, आता गोष्टी सांगतो. त्याच संध्याकाळी त्याने तो बस्ता आपल्या सायकलीला बांधला, धरमपेठेला नेला, पोलादी कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. आता पत्र कोण घालतो तेच पाहू, म्हणाला.

पुढच्या सोमवारी, भर दुपारी, तो नव्या खोलीत एकटा होता. ताज्या रंगाचा वास, कोरडी ठाक हवा, वर फिरणारा पंखा. बाबनराव तीन मैलांवर लकडगंजात. कुलूप जसंच्या तसं. गोविंदाने किल्ली फिरवली, आणि विहिरीच्या गाळाचा तो वास भपकन् अंगावर आला.

फाईलच्या वर ओलं पत्र होतं. हजेरी आठ. पाणी छातीशी. परवानगी मिळावी. पण या खेपेला शेवटी एक ओळ जास्त होती: 'देवाजी पराते विचारतो, आई बरी आहे काय.'

गोविंदा रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा रडला. एवढं मोठं शहर, एवढे साहेब, एवढे कायदे, आणि माझा भाऊ एका सहीसाठी सहा वर्षं पाण्यात उभा. त्याच्या मनातली भीती, संशय, सगळं त्या एका ओळीने धुऊन नेलं. त्याने टाइपरायटर ओढला. 'परवानगी आहे. सर्वांनी वर यावे.' खाली साहेबांकरिता म्हणून स्वतःची सही ठोकली. जावक नंबर घातला, नक्कल लावली, मूळ पत्र फाईलवर ठेवलं, कपाट बंद केलं.

मग तो खाली नळावर गेला, तोंड धुतलं, पोटभर पाणी प्यायला. कितीक दिवसांनी बरं वाटत होतं. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते मनाशी जुळवत तो परत वर आला. अर्धा तास झाला असेल. सहज म्हणून त्याने कपाट उघडलं.

उत्तर आलं होतं.

कागद कोरडा होता. त्यावर रस्त्याची तांबूस धूळ होती. वरच्या कोपऱ्यात आजवर खाणीचं नाव असायचं. या वेळी तिथे गोविंदाच्याच घरचा पत्ता होता, मुक्काम गोळीबार चौक.

'परवानगीचे पत्र मिळाले. सर्व निघालो. खाली आठ होतो, वर येऊन हजेरी घेतली तर नऊ भरले. नववा कोण ते आमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही. विचारले तर बोलत नाही. पण देवाजीच्या घराची वाट त्याला पाठ आहे. तोच पुढे चालून राहिला आहे.'