ओळ हलली तरी

"चूक लिहून सांगता येईना, म्हणून स्वतःच आलो."

तिनं मान वर केली आणि बघतच राहिली. तिच्या कामातल्या चुका काढून दोन ओळींत धाडणारा वरच्या मजल्यावरचा टेस्टर, ज्याला सगळे मौनीबाबा म्हणत, तो चक्क तरुण निघाला की! तिनं मनात एक खडूस म्हातारा रंगवला होता.

"बोलता येतं म्हणजे तुम्हाला!"

"गरज पडली तर..." तो हसला. अगं बाई, हसतोही!

तिनं बनवलेली स्क्रीन होती हॉस्पिटलच्या वॉर्डची, दर पेशंटची एक ओळ. तिची मावशी तिथं सिस्टर. संध्याकाळपासून मावशीच ही स्क्रीन वापरणार होती, आणि 'आमच्या भाचीनं बनवलंय' असं अख्ख्या वॉर्डभर सांगून बसली होती.

त्यानं एका आजीबाईंच्या ओळीत लिहिलं, 'पेनिसिलिन चालत नाही'. मग वर एक नवा पेशंट घातला. ओळी खाली सरकल्या... आणि नोंद मात्र जागची हलली नाही. आता ती भलत्याच माणसाच्या नावापुढे होती!

तिनं घाईनं आपला कोड उघडून पाहिला. कॉम्प्युटरनं ओळ ओळखावी म्हणून प्रत्येक ओळीला एक वेगळी खूण, म्हणजे 'की', द्यायची असते. "मी 'की' दिली ती ओळीच्या जागेच्या नंबराची," ती पुटपुटली. "माणसाची दिलीच नाही... कुणाच्या जिवावर बेतलं असतं हो!"

"रडायचं नंतर," त्यानं खुर्ची ओढली. "आधी ती 'की' बदलू."

वॉर्डचं नाव, मध्ये आडवी रेघ, पुढे पेशंटचा नंबर – अशी नवी 'की' ठरली. सेव्ह करताना रेघेवर तोडायची, नंबर काढायचा. तिनं ऐटीत बटण दाबलं. स्क्रीनवर उमटलं, 'अ नंबरचा पेशंट सापडत नाही.'

"हा अ कोण उपटला?"

"वॉर्डचं नावच तीन-अ आहे," तो म्हणाला. "रेघ नावातही आहे!"

दोघं पोट धरून हसले.

"मग शेवटच्या रेघेवर तोडू," ती एकदम म्हणाली. "नंबरात रेघ कधीच नसते."

तो तिच्याकडे बघत राहिला. "मला नसतं सुचलं हे..."

मग त्यानं ओळी पार उलटसुलट केल्या. आजीबाई वर गेल्या, तळाला गेल्या, मध्येच कुठे शिरल्या – आणि नोंद कायम त्यांच्यासोबत! कितीदा तरी असला कोड लिहिला होता तिनं, पण आज अंगावर काटा आला. एवढ्या गर्दीत एकेक माणूस बरोब्बर ओळखला जात होता.

"जादूच की रे ही," ती हळूच म्हणाली. अरे-तुरे कधी सुरू झालं, दोघांनाही कळलं नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा तो काहीतरी निमित्त काढून खाली आलेलाच होता. तिनं स्पीकर लावला.

"अगं, एकदम तिघं दाखल झाले, सगळी स्क्रीन वरखाली! पण माझी एक नोंद इकडची तिकडे झाली नाही. गुणाची गं माझी पोर!"

"एकटीनं नाही केलं, मावशी."

"मग? आणखी कोण आहे?"

त्याचे कान लालबुंद झाले. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आहे एक... मला फार आवडतो."

"अगं बाई! आणि त्याला माहीत आहे का हे?"

तिनं फोन त्याच्याकडे सरकवला.

"आत्ताच कळलं, मावशी," तो फोनपाशी वाकून म्हणाला. "आणि मलाही ती फार... फार आवडते."