जास्तीचा कागद

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही अट आम्ही नवरा-बायकोने उभा जन्म पाळली. घरमालक तऱ्हेतऱ्हेचे भेटले, पण खिळ्याच्या बाबतीत सगळे एकजात. त्यामुळे आमच्या फ्रेमा चादरीत गुंडाळून कपाटामागे उभ्या असायच्या. घर बदललं की एका कपाटामागून दुसऱ्या कपाटामागे जायच्या. हिच्या आत्याने काढलेलं धबधब्याचं भलंमोठं चित्र मी लग्नानंतर एकदाच धड पाहिलं होतं. "लोकांच्या घरात चित्रं असतात, आपल्या घरात चित्रांच्या पाठी," असं ही म्हणायची.

मी निवृत्त झालो तेव्हा आम्ही स्वतःचं घर घेतलं. लहानसंच आहे. बाहेरची खोली फार लांबट होती, म्हणून मध्ये एक नवी भिंत बांधून घेतली. गवंडी बांधत होता, ही खुर्ची टाकून बसली होती आणि मी ओळंबा सोडून उभा होतो. मी जन्मभर लिफ्ट बसवल्या. लिफ्टचे रूळ केसभर कलले तरी डबा कुरकुरतो, त्यामुळे वाकडं काही दिसलं की माझ्या मानेला रग लागते. गवंडी शेवटी वैतागला. "काका, भिंत आहे ही. वरखाली जायची नाही."

विटा, सिमेंट, गिलावा आणि रंग. त्या भिंतीत याखेरीज काही नाही. प्रत्येक वीट माझ्या डोळ्यांदेखत बसली आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घर घेण्याच्या थोडं आधी माझ्या छातीत कळ आली आणि मी दवाखान्यात राहून आलो. घरी आल्यावर हिने पांघरूण नीट करता करता सांगितलं, "मला मागे ठेवून जायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"मग तू आधी जाणार का?"

"तेही नाही."

"मग कसं जमायचं?"

"ते मला काय विचारता? मेकॅनिक तुम्ही. जमवा."

आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण खरं सांगतो, दवाखान्यात मला मरणाची भीती वाटली नव्हती. हिला एकटीला एकच कप चहा करावा लागेल, याची वाटली होती. हिच्याही मनात तसंच काहीतरी असणार, कारण तेव्हापासून मी दुपारी आडवा झालो की ही काही ना काही निमित्त काढून खोलीत डोकावून जाते.

तर, भिंत वाळली, रंग झाला आणि आम्ही फ्रेमा बाहेर काढल्या.

ही शिवणकाम करायची. स्वतःचं दुकान होतं. कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापायचा, ही हिची शिस्त. तीच हिने भिंतीला लावली. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा खाकी कागद कापला, वरच्या कडेला मधोमध छोटी चीर दिली आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात त्यावर नाव घातलं. धबधबा. बंदर. सायकल, म्हणजे सायकलवर बसलेल्या आमच्या मुलीचा फोटो. मग ते कागद चिकटपट्टीने भिंतीवर लावून आम्ही समोरच्या सोफ्यावर चहा घेत बसलो. धबधबा खाली घ्या, बंदर जरा सरकवा, असं बराच वेळ चाललं. खिळा ठोकायची मुभा मिळाल्यावर माणसाला घाई नसते. इतकी मजा मला कुठल्या सहलीत आली नव्हती.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"कुठला?"

"धबधब्याशेजारचा. नाव नाही त्याच्यावर."

उभा कागद होता, एका माणसाचा फोटो मावेल एवढा. ही जवळ गेली, कडेवरून बोट फिरवलं.

"हा मी नाही कापला."

"अगं, चीर तुझीच आहे. मी कात्री धरली तर कागद कसा वाकडातिकडा होतो, तुला माहीत आहे."

"कापणी माझी आहे," ही म्हणाली. "पण मी नाही कापला. मापाशिवाय मी कागदाला कात्री लावत नाही."

फ्रेमा मोजल्या. कागद एक जास्तीचा होता. वय झालं आपलं, असं म्हणून हिने तो काढून चुरगळला आणि टाकून दिला. त्या जागी भिंतीचा रंग जरासा फिका दिसत होता, वर्षानुवर्षं टांगलेली फ्रेम उतरवल्यावर दिसतो तसा. रंगाचा वास अजून घरातून गेलेला नव्हता.

मी ड्रिल घेतलं. जड फ्रेमला एक खिळा कधी द्यायचा नाही. एका खिळ्यावर ती डुलते, कोणी दार आपटलं की कलते. दोन द्यायचे, एका पातळीत. एक वजन धरतो, दुसरा तिला वाकडी होऊ देत नाही. धबधब्यासाठी पाणसळ लावून मी दोन खुणा केल्या आणि पहिल्या खुणेवर ड्रिल टेकवलं. ते लोण्यात जावं तसं आत गेलं. विटेचा लाल भुगा यायला हवा होता. पिवळसर भुसा आला.

टॉर्च मारून पाहिलं. गिलाव्याच्या आत लाकडाचा गुटका होता. जुन्या काळी खिळा धरावा म्हणून भिंतीत असे गुटके बसवत. त्यात आधीच एक भोक होतं, स्क्रू बरीच वर्षं राहिल्यावर पडतं तसं झिजलेलं. दुसऱ्या खुणेखालीही गुटका निघाला. बंदराखाली निघाला, सायकलखाली निघाला. जिथे आम्ही चहा पिता पिता, भांडत भांडत जागा ठरवली होती, तिथे तिथे तो हजर होता.

मी गवंड्याला फोन लावला. तो हसायला लागला. "काका, गुटके आता कोण घालतं? माझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट ती. आणि तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून उभे होतात."

खुणा सोडून मी दुसरीकडे ड्रिल लावून पाहिलं. टोक लाल झालं, धूर आला, पण भिंतीवर ओरखडा उठला नाही.

"राहू दे," ही म्हणाली. "ज्यांना जागा आहे त्यांना टांगा."

फ्रेमा टांगल्या. काय सांगू, भिंत उजळली. चादरीत गुंडाळून ठेवलेलं आमचं सगळं आयुष्य एकदम समोर आलं. धबधब्याच्या कोपऱ्यात आत्याने एक छोटी छत्री रंगवली होती, ती मला इतक्या वर्षांनी कळली. ही उगाचच डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "भुसा गेला."

दुसरी नवलाची गोष्ट अशी, की फ्रेमा वाकड्या होईनात. दार आपटलं, वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवलं, हिने फडका मारला, तरी नाही. मी एकदा मुद्दाम सायकलची फ्रेम बोटाने कलती केली आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर ती सरळ होती.

"तुमची नोकरी गेली आता," ही म्हणाली.

आम्ही खुशीत होतो. राहून राहून खटकायची ती धबधब्याशेजारची रिकामी जागा. आजूबाजूच्या फ्रेमा सरकवून ती बुजवता येईना, कारण दुसरीकडे खिळाच शिरत नव्हता. हिच्या शिवणाच्या सुईने मी फिक्या चौकोनात टोचून पाहिलं. वरच्या बाजूला सुई सहज आत गेली. एकच गुटका होता तिथे. एका खिळ्याची जागा.

भिंतीवर एकट्या माणसाचा उभा फोटो कधी लागतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोललो नाही. पण एकदा ही भाजी आणायला गेली असताना मी कपाटातून हिचा एक फोटो काढला. दुकानाच्या दारात, गळ्यात टेप, हसतेय. तो फिक्या चौकोनावर धरला. तंतोतंत बसला. मी तो चटकन कपाटात परत ठेवला, पार तळाशी.

नंतर एका दुपारी मी पडलो होतो, डोळा लागत नव्हता, म्हणून उठून बाहेर आलो. ही भिंतीपाशी पाठमोरी उभी होती. हातात फोटो होता. माझा, लिफ्ट कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला.

"बसतो?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "बसतो."

"तुझाही बसतो."

मग ती रडली. मीही रडलो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. शेवटी हिने पदराने माझंच तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं ना. असं नाही चालणार. ती जागा बुजवा."

घरात एकच वस्तू टांगायची राहिली होती, हिच्या दुकानातला आरसा. गिऱ्हाईक कपडे घालून बघायचं, तो. जाड लाकडी चौकट आणि वजन असं, की दुकान बंद केलं तेव्हा हमालांनी तोंड वाकडं केलं होतं. तो आतल्या खोलीत लावायचा बेत होता.

"डॉक्टरांनी जड उचलू नका सांगितलंय," ही म्हणाली.

"एकट्याने उचलू नका, असं सांगितलंय."

हिने कागद कापला, नाव घातलं, आरसा. तो आडवा धरला तर फिका चौकोन पुरता झाकला जात होता. पाणसळ लावून दोन खुणा केल्या. दोन्हींखाली गुटके होते. त्याचं आता आम्हाला काही वाटलं नाही. एका बाजूने ही, दुसऱ्या बाजूने मी, असा तो आरसा आम्ही उचलला. "जरा वर. तुमची बाजू. थांबा, श्वास घ्या. हं, आता." दोन्ही कड्या एकदमच खिळ्यांवर बसल्या. मी पाणसळ वर ठेवली. बुडबुडा मधोमध.

चहा करून आम्ही समोरच्या सोफ्यावर जाऊन बसलो.

आरशात आम्ही दोघं दिसत होतो, हातात कप घेतलेले. आमच्या मागे सोफ्यामागची भिंत. तिच्यावर आम्ही काहीच लावलेलं नाही.

"अहो," ही हळूच म्हणाली.

आरशात त्या भिंतीवर, आमच्या डोक्यांच्या वर, एक खाकी कागद चिकटवलेला होता.

मी वळून पाहिलं. भिंत कोरी होती. हात फिरवला. गार, गुळगुळीत.

परत आरशात पाहिलं. कागद होता. वरच्या कडेला मधोमध चीर. त्यावर नाव घातलेलं होतं, हिच्याच टपोऱ्या अक्षरात.

दोघं.

या आरशात दुकानासमोरची पाटी नेहमी उलटी दिसायची. गिऱ्हाईकं पिन टोचून घेता घेता ती वाचायचा खेळ करायची. हे अक्षर उलटं नव्हतं. सरळ वाचता येत होतं.

चहा थंड झाला.

"आडवा आहे," ही म्हणाली.

"हो."

"एकट्याचा नाही."

"नाही."

तिने माझा हात हातात घेतला. "जमवलंत की हो," ती म्हणाली, आणि हसली. दुकानाच्या दारातल्या त्या फोटोत हसतेय तशीच.

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. मुलगी येऊन राहून गेली. भिंत बघून म्हणाली, हे घर आता तुमचं वाटतं. आरशापुढे उभं राहून तिने वेणी घातली. तिला त्यात काही वेगळं दिसलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही. ही आता दुपारी डोकावायला येत नाही, शेजारी येऊन आडवी होते. मला गाढ झोप लागते. संध्याकाळी आम्ही सोफ्यावर बसतो, समोरच्या चित्रांकडे बघतो आणि जाता जाता आरशाकडेही बघतो. कागद जागच्या जागी असतो. त्याची आम्हाला सवय झाली होती.

आज चहा घेऊन बसलो आणि हिने कोपराने मला ढोसलं.

"कागद काढलाय."

मी पाहिलं. खरंच, आरशातल्या भिंतीवर कागद नव्हता. त्या जागी दोन खिळे ठोकलेले होते.

मी मागे वळलो नाही. हीही वळली नाही. तिने कप खाली ठेवला आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

"सरळ आहेत ना हो?"

मी सवयीने एक डोळा मिटून पाहिलं. दोन्ही खिळे अगदी एका पातळीत होते.