गाढवे बोळ

सुदर्शन त्या दुकानात पहिल्यांदा शिरला तो केवळ पावसाची सर चुकवायला. नारायण पेठेतलं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान ते; काउंटरवर पूर्वा.

"आडोसा फुकट आहे, फक्त दार अडवू नका," ती म्हणाली. अमरावतीहून येऊन चारच वर्षं झाली होती, पण पुणं चांगलंच अंगात मुरलं होतं.

ओशाळून त्यानं आधार कार्डाची प्रत मागितली. आडनावावर मात्र अंगठा ठेवला. प्रतीवर ते उमटलंच... गाढवे.

मग दर शनिवारी त्याचं काही ना काही काम निघू लागलं. बोलता बोलता त्यानं आडनावाची गोष्टही सांगितली: त्याचे पणजोबा कसबा पेठेतल्या कुंभारांची माती गाढवांवरून वाहायचे. लोक त्यांना गाढवे म्हणू लागले आणि ते राहायचे त्या बोळाला गाढवे बोळ. "तीन स्थळं आडनाव ऐकूनच परत गेली," तो हसत सांगायचा, पण कान लाल व्हायचे.

आज त्यानं आडनाव बदलण्याची कागदपत्रं पुढे केली.

"एवढी घाई?"

"एका मुलीला विचारायचंय... त्याआधी व्हायला हवं."

पूर्वानं कीबोर्ड जवळ ओढला. दीड महिना शनिवारची वाट बघितली, आणि आता दुसरीसाठी टायपिंगही हिनंच करायचं! जुनं आडनाव, गाढवे. नवं, कसबेकर.

"कारण?" तिनं मान वर केली नाही.

"लिहा... तिला लाज वाटू नये म्हणून."

"ती म्हणाली तसं?"

"अजून विचारलंच नाही."

आता मात्र तिला राहवेना. "अहो, मग कशावरून ठरवलंत? परवा बघून आले मी तुमचा बोळ. माती वाहणाऱ्या माणसाचं नाव पाटीवर लागलंय, आणि तुम्ही ते टाकून निघालात? मी कोल्हे. शाळेत मुलं मला बघून द्राक्षं लपवायची. मी बदललं का?"

तो बघतच राहिला. "तुम्ही... बोळ बघायला गेला होतात?"

पूर्वाचा चेहरा तापला. आता लपवायचं काय उरलं होतं? अर्ज भरून झाला होता; बटण दाबलं की शनिवार संपले.

"पाठवू?" तिनं विचारलं.

"थांबा." तो उठला, दारापर्यंत गेला... आणि वळला. "आधी तिला विचारतो. पूर्वा — गाढवे चालेल तुम्हाला?"

तिनं कसबेकर हे नाव एकेक अक्षर करत खोडलं. डोळे भरून आले होते, तरी बोलली ठसक्यातच.

"आडनाव माझं कोल्हेच राहील. पण पत्ता... गाढवे बोळ, कसबा पेठ, असा लिहायला मला आवडेल."