मोजणारीचा हात

पेडण्यातल्या आमच्या तपासणी केंद्राचा इन्व्हर्टर बंद पडला, म्हणून दत्तप्रसाद आला. पार्से गावचा वायरमन. काम संपल्यावर त्याने माझ्या टेबलाकडे बघितलं. "ह्या मशीन कसला, मॅडम?"

"हातातली रक्तवाहिनी बघायचं. ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं, त्यांच्यावर संशोधन चाललंय."

त्याने पक्कड पिशवीत टाकली. "बापूस एकेचाळिसाव्या वर्षी गेलो. काको त्याच्याही आदी."

असा तो आमच्या यादीत आला. तीन महिन्यांत तीन तपासण्या. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. रक्त परत येताच निरोगी रक्तवाहिनी रुंदावते; किती, ते मी सोनोग्राफीचा प्रोब त्या हातावर धरून पडद्यावर मोजायचं.

"बोलू नका. हात हलतो."

"माझो नाय हलत. तुमीच हसतात."

"मी हसत नाही." — पण पडद्यावरचं चित्र थरथरलं होतं, आणि त्याचा हात खरंच स्थिर होता…

तपासणीला उपाशी यायचं असतं. दुसऱ्या खेपेला त्याने येताना उंडे पाव आणि पातळ भाजी आणली, दोघांपुरती. खाता खाता सहज म्हणाला, "लग्नाचा विषय मी बंद केलंय. कोणाच्या तरी पोरीक घरात हाडायची आणि आपण निघान जायचां… बरां दिसत नाय."

माझा घास तोंडातच राहिला.

तिसऱ्या खेपेला पट्टा सोडला आणि माझ्या लक्षात आलं — मी आकडा मोजत नव्हते, मागत होते. केसाएवढ्या फरकाची खूण माझ्याच बोटांनी करायची होती. मी बाजूला झाले आणि माझ्या सहकारी मुलीला हाक मारली. "सोनाली, यांचं तू मोज."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मोजून झाल्यावर आणलेला डबा न उघडताच निघून गेला.

रिपोर्ट न्यायला तो आठ दिवस आला नाही. फोनही उचलेना. शेवटी डॉक्टर मला म्हणाल्या, "अगं, चांगला रिपोर्ट आहे. त्याच्यापर्यंत पोचव तरी."

मी स्कूटर काढली. पार्सेभर पिकलेल्या काजूबोंडांचा वास सुटला होता. एका शेडमध्ये तो शिडीवर होता. मला बघून हळूहळू खाली उतरला.

"खरां सांगा. किती दिवस आसत माझे?"

"काय?"

"काय तरी वायट दिसला, म्हणान तुमी माका सोनालीकडे दिलात ना?"

आठ दिवस हा माणूस हे घेऊन फिरत होता. मला रडू आलं, आणि रडताना हसूही.

"रक्तवाहिन्या छान आहेत तुमच्या. डॉक्टरांनी स्वतः तपासलंय. वर्षाला एकदा दाखवायचं, बस."

"मगे सोडलात कित्याक?"

"मोजणाऱ्याने कुणाच्या बाजूचं असू नये…" मी खाली बघत म्हटलं, "आणि मी तुझ्या बाजूची झाले होते."

तो शिडीच्या पायरीवर बसलाच. लांब श्वास सोडला, हात पँटला पुसले, फोन काढला.

"आये, रिपोर्ट बरो इलो… होय गो, रडा नको. चा ठेव." मग माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून फोनवरच म्हणाला, "मी एकटो येवचंय नाय."