डब्याचं नाव

कळसच्या रस्त्याकडंनं जमिनीत इंटरनेटची केबल जाती, आन् जोडाच्या जागी एकेक डबा पुरल्याला असतो. त्या डब्यांची देखभाल महिपतीकडं. बारामतीच्या हापिसात निकिता नावाची पोरगी समदी लाईन कॉम्प्युटरवर मांडत हुती, कुठला डबा कुठं, कशाला जोडल्याला. तिनं फोनवर डब्यांची नावं इचारली. ह्यानं आपली रोजच्या बोलण्यातली सांगितली. ज्याच्या बांधावर डबा, त्याचंच नाव. गेणबा, साखरबाई, फुलाबाई. तिनं तीच कॉम्प्युटरात भरली. फुलाबाई म्हंजी ह्याची बायको.

मग रस्ता रुंद करायला जेसीबी आला.

गेणबाचा डबा पयला गेला. जेसीबीच्या बादलीच्या दातानं उजव्या अंगाची केबल मुळासकट उपसली. त्याच टायमाला गेणबा बारामतीच्या मार्केट यार्डात डाळिंबाचं क्रेट उतरवत हुता. त्याचा उजवा हात खांद्यातनं उपसला. आसपास मशीन न्हाय, काय न्हाय. हात क्रेटची कड धरूनच ऱ्हायला.

"टेम्पोत अडकला आसंल," लोक म्हणाले. महिपतीनंबी मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी साखरबाईचा डबा मधोमध फाटला. साखरबाई ओट्यावर भेंडी निवडत बसल्याली. तिची किंकाळी ऐकून महिपती पळत गेला तवा सुपातली भेंडी लाल झालती. तिच्या पोटावर बादलीच्या दातांच्या खुणा हुत्या. खुणांत रस्त्याची माती हुती.

त्यो तसाच माघारी पळाला. जेसीबी फुलाबाईच्या बांधाला लागला हुता. फुलाबाई पल्याड गवत कापत हुती.

"अविराज, थांब की मर्दा!"

ड्रायव्हर खिदळला. "तात्या, वायर तुटली तरच तुमची भाकरी! व्हा बाजूला."

महिपतीनं फोन लावला. "निकिता, फुलाबाईचं नाव पूस. आत्ताच्या आत्ता!"

"बरं. त्याजागी काय टाकू?"

"कायबी नगं. रिकामं ठिव."

"कॉम्प्युटर रिकामं घेत न्हाई, तात्या. आकडाबी घेत न्हाई. नाव सांगा."

बादली वर गेली.

फुलाबाईनं इळा ठिवून कंबर धरली.

महिपतीच्या तोंडाला दुसरं नावच येईना. त्यो केबिनीकडं बघत हुता.

"अविराज."

बादली खाली आली.

केबिनीची काच आतनं लाल झाली.

फुलाबाई वरडत पळत आली, धडधाकट. तिनं नवऱ्याचा दंड गच्च धरला.

फोन कानालाच हुता.

"झालं, तात्या. पण तुमच्याच बांधावर एक नवा डबा दिसाया लागलाय. त्याला नाव मागतंय."

केबिनीत हलणारं कुणी उरलं नव्हतं. बादली हळूच वर चालली हुती.